आधी वजनकाटा, मग कॅमेरा: गोव्यात प्रयोगशील शेफ होताना

टीव्हीवर दिसतो तो शेफ बराच पुढे पोचलेला असतो. स्पेनमधल्या एल बुली या प्रयोगांसाठी गाजलेल्या रेस्टॉरंटचा शेफ फेरान आद्रिया १९८० साली हॉटेलात भांडी घासत होता. गोव्यातून सरळ वाट म्हणजे एनसीएचएम-जेईई ही हॉटेल मॅनेजमेंटची प्रवेश परीक्षा देऊन पर्वरीच्या आयएचएममध्ये, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत, प्रवेश. पण पदवीनंतरही कोमी (किचनमधला सर्वांत कनिष्ठ शेफ) म्हणून कांदा चिरणं आणि मासळी साफ करणं चुकत नाही, आणि चुकवूही नये. हुमणाचं, म्हणजे गोव्याच्या माशांच्या कढीचं, वाटण जमत नसेल, तर प्लेटवरचा फेस नि धूर सगळा फुकट.

प्रयोग कसा असतो, ते सोलकढीच्या गोळ्यावरून कळेल: बाहेर पातळ पापुद्रा, आत पातळ सोलकढी. नवखे सोलकढीत सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळाची पावडर, कॅल्शियम लागलं की तिचा पापुद्रा धरतो) घालून तिचे थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडतात. सोलकढीतलं आगळ (कोकमाचा रस) आंबट, त्यात अल्जिनेट आधीच गुठळतं. म्हणून उलटं करायचं. २५० ग्रॅम सोलकढीत ५ ग्रॅम कॅल्शियम लॅक्टेट आणि अर्धा ग्रॅम झँथन गम (दाटपणा आणणारी पावडर) घुसळून अर्धगोल साच्यांत गोठवा. कॅल्शियम क्लोराइड नको, कडू लागतं. मीठ-मिरची नेहमीपेक्षा किंचित चढी ठेवा, कारण पापुद्र्याला स्वतःची चव नसते. आदल्या रात्री १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम अल्जिनेट हँड ब्लेंडरने मिसळून फ्रिजमध्ये ठेवलेलं असावं, म्हणजे बुडबुडे निघून जातात. पाणी आरओचं घ्या. जड पाण्यातलं कॅल्शियम अल्जिनेटला आधीच धरतं. वापरण्याआधी हे पाणी कोमट करा, त्यात गोळे ३ मिनिटं सोडा. एकमेकांना लागू देऊ नका, चिकटले की सोडवताना फुटतात. मग साध्या पाण्यात धुवा. अर्धा ग्रॅम साध्या काट्यावर कळत नाही; ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतोच.

प्रत्येक वेळचं वजन, तापमान आणि वेळ वहीत लिहा. शेजारच्या कोमीला ती वही वाचून तोच गोळा करता आला, तरच पदार्थ मेन्यूवर घ्यायचा. एकदाच जमलेली प्लेट फोटोपुरती.

मेन्यू गोव्याच्या हंगामावर बेतावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा ताज्या इसवणावर (सुरमईवर) बेत रचणाऱ्याची फजिती होते. त्या दिवसांत सुकी सुंगटं (कोळंबी) आणि खारं (खारवलेली मासळी) काढा. पावसात गिऱ्हाईकही कमी, म्हणजे चाचण्यांना हाच काळ. एल बुलीसुद्धा वर्षातले साधारण सहा महिने बंद असायचं आणि त्या काळात बार्सिलोनाच्या कार्यशाळेत नवे पदार्थ घडायचे. नोकरी स्वीकारताना विचारून घ्या: पावसाळ्यात किचन चालू असतं का, आणि चाचणीच्या मालाचा खर्च कोण करतं?