एकच झूम लेन्स घ्यायचीय? आकड्याला भुलायच्या आधी हे बघा

कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ (मिलिमीटर) लेन्सचा कंटाळा आला की प्रत्येक जण एकच विचारतो, अशी एक लेन्स सांगा जी लावली की परत काढायचीच नाही. अशा लेन्स आहेत की, पण दुकानात जाऊन "सगळ्यात लांबची दाखवा" म्हणायच्या आधी घरी बसून एक काम करा. तुमचे जुने फोटो उघडा, प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ (लेन्सचा तो मिलिमीटरचा आकडा, जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) लिहिलेली असते, ती बघत जा. बहुतेक फोटो ५५ ला येऊन अडकलेले दिसले तर तुम्हाला खरंच लांब पाहिजे. सगळे १८ ला असतील तर तुम्हाला झूम नको, अजून वाइड (जास्त रुंद दृश्य घेणारी) पाहिजे, मग ही पूर्ण खरेदीच वेगळी होते.

आता किती लांब? क्रॉप सेन्सरवाल्यांसाठी (ज्यांच्या कॅमेऱ्यात लहान सेन्सर असतो) माझं मत सरळ आहे, रोजच्या वापराला १८-१३५, १८-१४० नाहीतर १८-१५० बास. आपल्या सोलापुरात सिद्धेश्वर तलावावर काठाला उभं राहून १८ ला पाणी, मंदिर, आभाळ सगळं येतं आणि तिथूनच १३५ केलं की शिखरावरचं काम दिसायला लागतं. त्यापुढं ३०० चा मोह होतो तो नान्नजची काळवीटं नाहीतर हिप्परग्याचे पक्षी डोक्यात असतात म्हणून, पण पक्ष्यांना ३०० पण पुरत नाही हे घेतल्यावर कळतं. महिन्यातनं एकदा तिकडं जाणार असाल तर घ्या की, नाहीतर त्या लांबीचं वजन रोज गळ्यात कशाला? सोनीची १८-१३५ भरते ३२५ ग्रॅम, टॅमरॉनची मिररलेसवाली (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची) १८-३०० भरते ६२० ग्रॅम. मे महिन्यात नवी पेठेतनं दुपारी चालत जाऊन बघा, फरक लगेच मानेला कळतो.

अशा लेन्सचं खरं सोनं होतं ते गड्ड्यात, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत. एकतर गर्दी, त्यात धूळ, हलग्या वाजतायत, समोरून नंदीध्वज (यात्रेतली उंच मानाची काठी) येतोय, उभ्या काठीचा पूर्ण फोटो पाहिजे तर वाइड लागतं आणि पुढच्याच क्षणाला पांढऱ्या बाराबंदीतल्या एखाद्या आजोबांचा घामेजलेला चेहरा पाहिजे तर १०० च्या पुढं जावं लागतं, तिथं बॅग उघडून लेन्स बदलत बसलात तर काठी गेली पुढं आणि सेन्सरवर धूळ बसली ती वेगळीच. मनगट फिरवलं की काम झालं.

पण दिवस मावळला की हीच लेन्स रडवते. बॉक्सवर एफ ३.५-६.३ लिहिलेलं असतं ना (हे अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडतं ते, आकडा लहान तितका उजेड जास्त), त्यातलं ३.५ फक्त वाइडला मिळतं, झूम करत गेलं की ते भराभर घसरतं आणि लांबच्या टोकाला ६.३ च. हिशोब असा: ट्यूबलाइटच्या उजेडात एफ १.८, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० वर जो फोटो येतो तोच ६.३ ला काढायचा तर आयएसओ जवळपास १०,००० लागतो, म्हणजे फोटोत नुसते वाळूसारखे दाणे. "स्टॅबिलायझेशन आहे की" असं दुकानदार म्हणेल, पण ते तुमचा हात स्थिर करतं, समोर पळणारं पोरगं नाही. शोभेच्या दारूकामाला मात्र अडचण नाही बरं का, ट्रायपॉडवर कॅमेरा, आयएसओ १००, एफ ८ ते ११, दोन-चार सेकंद शटर, तिथं मोठं अॅपर्चर लागतच नाही.

स्टॅबिलायझेशनवरून आठवलं, टॅमरॉनची २८-२०० (एफ २.८-५.६, सोनीसाठी) फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) लई भारी आहे, ५७५ ग्रॅमच, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. सोनीच्या फुल फ्रेम बॉडीत ते सहसा असतं म्हणून चालून जातं. तीच लेन्स सोनीच्या ए६४०० किंवा झेडव्ही-ई१० या क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर लावली तर बॉडीतही नाही आणि लेन्समध्येही नाही, वर लहान सेन्सरमुळं २८ चं तिथं ४२ सारखं होतं, म्हणजे घरातल्या कार्यक्रमात पाठ भिंतीला टेकली तरी सगळे फ्रेममध्ये मावत नाहीत. निकॉन झेड फुल फ्रेमवाल्यांना २४-२०० आहे, कॅनन आरवाल्यांना २४-२४०, दोन्हीत स्टॅबिलायझेशन आहे.

जवळून किती घेते तेही विचारा, हे कुणीच विचारत नाही. टॅमरॉनची ती १८-३०० वाइडला १५ सेंमीवरून फोकस करते, हे अंतर सेन्सरपासनं मोजतात म्हणजे वस्तू काचेला जवळजवळ टेकलेलीच, सोलापुरी चादरीचा एकेक धागा सुटा दिसतो. घरी माल बनत असेल आणि ऑनलाइन विकायचा असेल तर ही गोष्ट लांब झूमपेक्षा जास्त कामाची.

दुकानात गेलात की स्वतःचीच बॉडी न्या. समोरच्या इमारतीचा किंवा पाटीचा फोटो वाइडला, मधे आणि लांबच्या टोकाला एफ ८ ठेवून काढा, मोठा करून चारी कोपरे बघा. कोपरे थोडे मऊ असणारच, या लेन्समध्ये ते चालतं, पण एकच बाजू धूसर आणि दुसरी कडक असेल तर काच तिरकी बसलीय, दुसरा पीस मागा. मग लेन्स खाली तोंड करून धरा, आपोआप लांब सरकत असेल तर चालताना पण तेच होणार. सेकंडहँड घेताना मागनं मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा. आपल्याकडं हवा कोरडी म्हणून बुरशी कमी, पण लेन्स मुंबई-कोकणातनं आलेली असू शकते. बुरशी म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी, ती दिसली की स्वस्त असली तरी सोडा. धुळीचे दोन-चार कण असले तर फोटोत दिसत नाहीत.

बजेट ताणून ३०० घेण्यापेक्षा १८-१३५ घ्या आणि उरलेल्या पैशात ३५ किंवा ५० ची एफ १.८ प्राइम (झूम नसलेली लेन्स) घेऊन ठेवा, संध्याकाळनंतर तीच लावा. हूड (लेन्सच्या तोंडावर लावायचा उन्हाचा आडोसा) बॉक्समध्ये आला नसेल तर वेगळा घ्या, आपल्या उन्हात तो लागतोच. स्वस्तातला यूव्ही फिल्टर दुकानदार बळंच लावून देतो, लावला तरी रात्री लाइटिंगचे फोटो काढताना काढून ठेवा, नाहीतर प्रत्येक दिव्याचं हिरवट प्रतिबिंब फोटोत येतं.