वाक्प्रचार आर्टिकलसकट पाठ करावा

मराठीत आर्टिकल, म्हणजे नामाआधी येणारे 'अ', 'अ‍ॅन', 'द' यांसारखे शब्द, नसल्यामुळे इंग्रजी वाक्प्रचारात 'अ' घ्यावा, 'द' घ्यावा की काहीच घेऊ नये हे तर्काने ठरवणे अवघड जाते. म्हणून 'इन अ हरी', 'बाय द वे', 'ऑन फूट' हे शब्दगट जसे रूढ आहेत तसेच अखंड पाठ करावेत. नाशिकरोडहून मुंबईला 'बाय ट्रेन' जातात, परंतु गाडीत बसल्यावर 'ऑन द ट्रेन' म्हणताना 'द' गाळू नये. खरी काळजी घ्यावी ती अर्थ पालटणाऱ्या जोड्यांची: नाशिकमधील सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात मुलाखत देताना 'आय हॅव फ्यू स्किल्स' म्हटले, तर आपल्याकडे कौशल्ये जवळजवळ नाहीतच असा अर्थ होतो, 'अ फ्यू' म्हटले, तरच ती थोडीफार आहेत असे समोरच्याला कळते.