नकाराचा प्रवेश कसा बसवावा

आमच्या फोंड्याकडे जत्रेच्या नाटकात प्रेमभंग आला की नटीचा पदर लगेच डोळ्यांना. ते आधी बंद करा. शाकुंतलाचा पाचवा अंक घ्या. किर्लोस्करांनी १८८० साली संगीत रंगभूमीवर आणलं तेच शाकुंतल. दुष्यंत ओळख नाकारतो, शकुंतला अंगठी दाखवायला जाते आणि बोट रिकामं! इथे मी तालमीत सांगतो, "बाये, घाई नको, चार आकडे मोज." आधी अंगठ्याने बोट चाचपायचं, मग नजर खाली, मग आश्रमातून सोबत आलेल्या गौतमीकडे. रडू नंतर. दुष्यंताने खलनायकी हसू नये. दुर्वासाच्या शापामुळे त्याला खरंच आठवत नाही. नायक मुद्दाम फसवणारा असेल, तर मात्र बोलताना उपरणं सावरत राहावं. आणि माईक छातीपासून लांब ठेवा. गेल्या वर्षी हुंदक्याचा भोंगा झाला, मांडव हसला.