हॅवलॉकहून नीलला जाताना: बोटीच्या दिवसाचं गणित, दोघांसाठी

अंदमानच्या सहलीत बोटीचा दिवस फिरण्याचा दिवस म्हणून धरला की घोळ सुरू होतो. हॅवलॉक ते नील या दोन बेटांमधलं पाण्यावरचं अंतर जेमतेम वीस किलोमीटर. खासगी बोट ते तासाभरात कापते. पण इकडची खोली सोडण्यापासून तिकडच्या खोलीत पिशव्या टेकेपर्यंत चार-पाच तास सहज जातात. म्हणून त्या दिवशी बोट हे एकच काम, बाकी सगळं तिच्या वेळेच्या मागेपुढे. दोघं असलात की कामं वाटून घेता येतात, अट एवढीच की ती आदल्या रात्रीच वाटायची. जेटीवर उभं राहून ‘तिकिटं तुझ्याकडे होती ना?’ हा संवाद ऐकायचा नसेल तर.

आधी नावांचं बघा. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालं, सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. रिक्षावाला, हॉटेलवाला अजून जुनीच नावं घेतात, तिकिटावर मात्र नवं नाव असू शकतं. तिकीट काढताना दोन्ही नावं माहीत असली की चुकीच्या बेटाचं बुकिंग होत नाही.

तिकीट काढताना

मक्रूझ, नॉटिका, ग्रीन ओशन या खासगी बोटींची तिकिटं ऑनलाइन मिळतात. डिसेंबर-जानेवारीत आणि दिवाळीच्या सुट्टीत ती लवकर संपतात, त्यामुळे विमानाचं तिकीट पक्कं झालं की लगेच बोटीचं काढा आणि हॉटेल त्यानंतर. क्रम उलटा केलात तर बोट मिळेल त्या दिवशी खोली नसते.

नाव ओळखपत्रावर जसं आहे तसंच घाला. एकाने दोघांचं बुकिंग केलं तर दुसऱ्याचं नाव घाईत ‘बंड्या’ छापाचं टाकलं जातं आणि प्रवेशाच्या वेळी हुज्जत होते. दोघांपैकी एकाचा पासपोर्ट परदेशी असेल तर मूळ पासपोर्ट जवळच्या पिशवीत हवा, नुसता फोटो चालेल असं धरू नका. एजंटमार्फत तिकीट काढलं असेल तर बोट रद्द झाल्यावर पैसे आधी त्याच्याकडे जातात आणि मग तुमच्याकडे, म्हणून शक्यतो थेट काढा.

सरकारी बोटी खूप स्वस्त असतात आणि उघड्या डेकवर उभं राहता येतं, पण त्या संथ असतात आणि बेटांवरच्या रहिवाशांसाठी ती रोजची एसटी आहे. वेळ भरपूर असेल तर जरूर जा. एका दिवसावर पुढचं सगळं अवलंबून असेल तर खासगी बोट बरी. पोर्ट ब्लेअरला या दोन्हींच्या जेट्या वेगळ्या आहेत: सरकारी बोटी फिनिक्स बे जेटीवरून सुटतात, खासगी बोटी हॅडोवरून. रिक्षात बसताना नुसतं ‘जेटी’ म्हणाल तर चुकीच्या दारात उतराल.

आदली रात्र

दोन्ही तिकिटं आणि दोन्ही ओळखपत्रं दोघांच्याही फोनमध्ये फोटो म्हणून ठेवा. २०२० साली चेन्नईहून आलेली समुद्राखालची केबल पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकला जोडली आहे, ती नीलला थेट पोचत नाही, त्यामुळे नीलला नेटवर्कचा भरवसा धरू नका. त्याच कारणाने रोख पैसेही लागतात. नेट गेलं की यूपीआय गेलं. एटीएमचं काम हॅवलॉकलाच उरका आणि पैसे दोघांत निम्मे-निम्मे ठेवा. कॉन्ट्रीचा हिशोब नंतर करता येतो, पण सगळी रोकड एकाच पाकिटात असली आणि ते पाकीट हरवलं तर दोघंही अडकतात.

रिक्षा रात्रीच सांगून ठेवा. राधानगर किनाऱ्याजवळ राहत असाल तर जेटी साधारण बारा किलोमीटर आहे, अर्धा तास धरा. तीन नंबर किंवा पाच नंबर गावात (हॅवलॉकची गावं नंबरानेच ओळखतात) असाल तर पंधरा मिनिटांत पोचता. भाड्याची स्कूटर असेल तर एकाने ती परत करायला जायचं, दुसऱ्याने सामान घेऊन रिक्षाने निघायचं. स्कूटर परत देताना त्यावरचे ओरखडे आधी काढलेल्या फोटोशी ताडून पाहा आणि डिपॉझिट हातात घेतल्याशिवाय हलू नका.

बॅगांची मांडणी अशी ठेवा: मोठी बॅग बोटीवर चढताना कर्मचारी घेतात आणि इतर बॅगांबरोबर रचून ठेवतात, प्रवासात ती हाताशी नसते. पलीकडे सगळ्या बॅगा एकदम जेटीवर उतरतात आणि काळ्या ट्रॉलीबॅगांच्या ढिगाऱ्यात झुंबड उडते. मुठीला भडक रंगाची चिंधी बांधा. जवळच्या पिशवीत ओळखपत्र, औषधं, पाणी, चार्जर आणि नीलला पोचल्या पोचल्या लागणारे पोहण्याचे कपडे. ओले कपडे बंद प्लास्टिक पिशवीत. एक पातळ शाल वरच ठेवा, बंद बोटीतला एसी हाडं गोठवतो.

प्रवाळाचे तुकडे, वाळूत सापडलेले शंख बॅगेत टाकू नका. सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि परतीच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये ती नेमकी दिसतात. दुकानातून घेतलेल्या शिंपल्याच्या वस्तूंची पावती जपा.

बोटीची सकाळ

बोट अकराची असेल तर मागे मोजत या. दहाला जेटीवर हजर, कारण सामान तपासणी, ओळखपत्र आणि बोर्डिंग पासची रांग असते आणि बोट सुटायच्या बऱ्याच आधी दार बंद होतं. साडेनऊला रिक्षा. साडेआठला नाश्ता. खोली सोडायची वेळ आधीच विचारा. बेटांवरची बरीच हॉटेलं बोटींच्या वेळा बघून खोली सकाळी लवकर रिकामी करायला लावतात, मुंबई-पुण्याच्या सवयीने बारा वाजेपर्यंत धरू नका. सकाळी ‘पटकन एक डुबकी’ हा मोह टाळलेला बरा. वाळू झटकणं, कपडे पिळणं, बॅग पुन्हा उघडणं यात पाऊण तास जातो.

बोट लागत असेल तर गोळी वेळेवर घ्या. अव्होमिनसारखी गोळी निघण्याआधी एक ते दोन तास घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. दमा, काचबिंदू, गरोदरपण किंवा इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गोळीने झोप येते, म्हणून तिच्याबरोबर दारू नाही आणि त्या दिवशी स्कूटरचं हँडलही नाही. ज्याला बोट लागत नाही त्यानेच नीलला गाडी चालवायची, हे आधीच ठरवा.

पोट रिकामं नको आणि पुरी-भाजीने तुडुंबही नको. दोन इडल्या किंवा केळं आणि टोस्ट पुरे. सोबत आलेपाकाच्या वड्या ठेवा. जागा खालच्या मजल्यावर, बोटीच्या मधोमध किंवा थोडी मागे घ्या. पुढच्या टोकाकडे बोट सर्वांत जास्त वरखाली होते आणि वरच्या मजल्यावर डोलणं जास्त जाणवतं. बंद केबिनमध्ये डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानाच्या आतल्या तोलाला हलणं कळतं, त्या विसंगतीतून मळमळ होते. त्यामुळे फोन खिशात आणि नजर क्षितिजावर. खिडकीची काच मिठाने धुरकटलेली असली तरी तेवढी रेघ दिसते. पिशवी मागायला लाजू नका, कर्मचाऱ्यांकडे ती असतेच.

नीलला उतरल्यावर

जेटी लांबलचक आहे, बाहेर येईपर्यंत ऊन लागतं. एकाने बॅगा ओळखून घ्यायच्या, दुसऱ्याने पुढे जाऊन रिक्षा ठरवायची. आधी हॉटेल, मग जेवण, मग किनारा.

अंदमानात सूर्य आपल्या घड्याळाला जुमानत नाही. मुंबईपेक्षा बेटं सुमारे वीस रेखांश पूर्वेला आहेत, पण प्रमाणवेळ तीच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेपाचला अंधार पडतो. बोट दीड वाजता जेटीला लागली तर हातात उजेडाचे जेमतेम साडेतीन तास असतात आणि त्यातला एक खोली-जेवणात जातो. एकच ठिकाण नीट बघा.

कोणतं, ते ओहोटी ठरवते. लक्ष्मणपूर दोन या किनाऱ्याजवळची नैसर्गिक खडकाची कमान ओहोटीलाच गाठता येते. ओहोटीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी चढू लागलं की परत फिरा. पोर्ट ब्लेअरची भरती-ओहोटीची वेळ नेटवर मिळते, नीलसाठी ती पुरेशी जवळची आहे. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशोब इथे लावू नका, भरतीची वेळ बंदरागणिक बदलते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी सर्वांत खोल जाते, तेव्हा डबक्यांतले खेकडे, समुद्रकाकडी जवळून दिसतात. वाट मेलेल्या प्रवाळांची, धारदार आणि शेवाळलेली आहे. साधी चप्पल घसरते, मागे पट्टा असलेले फ्लोटर घाला.

त्या दुपारी भरती असेल तर भरतपूर किनारा, जेटीपासून चालत दहा मिनिटांवर. सूर्यास्तासाठी लक्ष्मणपूर एक. परतीला रस्त्यावर दिवे कमी असतात, टॉर्च असू द्या. दुसऱ्या पहाटेचा सूर्योदय सीतापूरला.

बोट रद्द झाली तर

मान्सून अंदमानात केरळच्या आधी, मे महिन्यातच येतो आणि सप्टेंबरपर्यंत समुद्र खवळलेला असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की बोटी एक-दोन दिवस बंद राहतात. म्हणून नीलहून परत येऊन त्याच दिवशी विमान पकडायचा बेत करू नका, शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला काढा. स्कूबा केलं असेल तर ती रात्र तशीही लागते, कारण शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास जायला हवेत. आणि सेल्युलर जेल पहिल्याच दिवशी उरका. आपल्याकडचे बरेचजण ते परतीच्या संध्याकाळवर ढकलतात आणि बोट उशिरा आली की तेच राहून जातं.

रद्द झाल्याचा निरोप आला की दोघांनी एकाच रांगेत उभं राहू नका. एकाने बोटीच्या काउंटरवर जाऊन दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या बोटीत नावं लावायची, शिवाय सरकारी बोटीची चौकशी करायची. दुसऱ्याने तोवर आत्ता सोडलेल्या हॉटेलला फोन करून खोली धरायची, कारण तासाभरात अडकलेले सगळेच प्रवासी तिथे फोन करणार असतात.