उन्हाने तडकलेली नाव आणि बंद पडलेली मोटर: दुरुस्ती कशी करावी

नावेच्या दुरुस्तीबद्दल सापडणारे बहुतेक सल्ले समुद्रावरचे असतात. मिठाने गंज कसा चढतो, रोज मोटर गोड्या पाण्याने कशी धुवायची, वगैरे. नागपुरात मीठ फक्त वरणात. इथली नाव पाण्याने खराब होत नाही, पाण्याबाहेर राहून होते. तलाव आटला की ती काठावर ओढून ठेवतात, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि सागवानाच्या फळ्या आकसून त्यांच्यात फटी पडतात. मोटरीचंही तसंच: आतलं रबर कडक होतं, पेट्रोलचा चिकटा होतो.

इथे लिहिलंय ते फळ्या जोडून केलेल्या सपाट तळाच्या नावेबद्दल आणि लहान टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटरीबद्दल, म्हणजे नावेच्या मागे बाहेरून अडकवायच्या, पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या मोटरीबद्दल. नाव फायबरची असेल तर सरळ मोटरीवर जा.

आधी लाकूड बघा. सुरीचं टोक टोचत जा; लोण्यासारखं रुतलं तर ती फळी गेली, बदला. मोटर अडकवायची मागची उभी फळी नीट तपासा, बोल्टच्या भोकांतून तिथेच पाणी मुरतं. जुनं डांबर खरवडा, गंजलेले खिळे काढा. एवढं कोणीही करेल.

आता फटी. मला सगळ्यात जास्त घाम इथेच गाळावा लागला, आणि सगळ्यात वाईट सल्लेही इथेच मिळतात. हार्डवेअरचा दुकानदार दोन गोळे एकत्र मळून लावायची पुट्टी हातात देईल आणि म्हणेल, दगडासारखी बसते. बसतेच, तीच तर अडचण आहे. उन्हाळ्यात आकसलेली फळी पावसाळ्यात पाणी पिऊन फुगणार. तिला फुगायला जागा हवी ती फट तुम्ही दगडाने भरलीत. मग फळी बाहेर उचकते, खिळे उपटून येतात, आणि जिथे गळत नव्हतं तिथूनही गळू लागतं. कडक होणारी कुठलीही वस्तू लाकडी नावेच्या फटीत घालू नका. दुकानदाराला नाव चालवायची नसते.

एका म्हाताऱ्या ढिवरदादांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं: "लाकडाले आधी पाणी पाज, मंग सूत भर." नाव सावलीत घ्या, आत ओली पोती अंथरा आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. घाई नको, आठवडा जाऊ द्या. नाव ठोकळ्यांवर ठेवून काठोकाठ पाण्याने भरायचा उद्योग मात्र करू नका. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, तळ बसेल. ज्या फटीत आधी रुपयाचं नाणं जात होतं तिथे खिळ्याचं टोकही जेमतेम जाऊ लागलं, की लाकूड तयार झालं. पुष्कळ फटी इथेच मिटतात.

उरलेल्या फटींत कापसाचं सैल पिळाचं सूत भरा. नायलॉन नको, ते भिजून फुगत नाही. बोथट छिन्नीने हलके ठोके देत सूत आत बसवा. ठोक्याचा पोकळ आवाज भरीव झाला की थांबा. सूत आतल्या बाजूने बाहेर आलं तर फट सुताने भरण्याच्या पलीकडची आहे. तिथे लाकडाची पट्टीच बसवावी लागते. मग पोती काढून पृष्ठभाग एखादा दिवस वाळू द्या आणि वरून खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेली लांबी, म्हणजे मऊ लगदा, भरा. लांबी फळीच्या पातळीपेक्षा थोडी खालीच ठेवा, फळी फुगली की ती आपोआप वर येते. शेवटी बाहेरून डांबर.

मोटर. दुचाकीचा मेकॅनिक कार्बोरेटर उत्तम साफ करतो, प्लगही बदलतो. ते त्याच्याकडूनच करून घ्या. पण त्याच्या हाताखालून जाणारी बरीचशी इंजिनं हवेवर थंड होतात. ही पाण्यावर होते. तिच्या खालच्या भागात रबरी पात्यांचा इंपेलर असतो, तो पाणी वर ओढतो. उन्हाळे काढलेल्या मोटरीत पाती एका बाजूला वाकून तशीच कडक झालेली सापडतील. दिसायला बरी वाटली तरी बदला. बसवताना साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको, आणि शाफ्ट त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवत वरचं झाकण खाली आणा, म्हणजे सगळी पाती एकाच बाजूला वळतात.

"एक मिनिट चालू करून बघू ना भाऊ," असं मेकॅनिक म्हणेल. हात धरा. कोरडी चालवली तर नवा इंपेलर काही सेकंदांत जातो. २०० लिटरचा ड्रम भरा, पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल एवढं पाणी ठेवा, मगच दोरी ओढा. मागून पाण्याची धार सुरू झाली पाहिजे. नाही झाली तर लगेच बंद करा आणि धारेच्या भोकात बारीक तार घाला. आपल्याकडे कुंभारीण माशी तिथे हौसेने मातीचं घर बांधते.

मोटरीच्या खालच्या भागातलं गिअर ऑइल काढून बघा; दुधासारखं निघालं तर आत पाणी शिरलंय, म्हणजे सील गेलं. नवं तेल खालच्या भोकातून भरा, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. पेट्रोलमध्ये स्कूटरचं टू-टी ऑइल नको. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं घ्या. मोटरीच्या पुस्तिकेत वेगळं नसेल तर प्रमाण ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढतं, म्हणून हंगाम संपला की टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामी करा.

नाव पाण्यात सोडाल तेव्हा पहिल्या दिवशी पाझरेल. घाबरू नका, काठाला बांधून ठेवा, अधूनमधून पाणी उपसा आणि पाझर थांबल्यावरच मोटर चढवा. मोटरीला साखळी लावून ती नावेला बांधा, क्लॅम्प ढिले होतात. आणि कुठल्या पाण्यात जाताय ते आधी बघा: बरेचसे तलाव मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेले असतात, आणि तोतलाडोह जलाशय पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे मासेमारीला बंदी आहे.

पुढच्या उन्हाळ्यात नाव टिनाच्या शेडखाली ठेवू नका, भट्टी होते ती. कडुनिंबाखाली पालथी घाला, वर ओलं पोतं टाका.