‘चवथ झाल्यावर बघूया’ म्हणणाऱ्या ग्राहकाशी करार करताना

मी म्हापशात बसून हॉटेलवाल्यांना सॉफ्टवेअर करून देतो. दरावर घासाघीस सगळेच करतात. मी आधी विचारतो, पैसे नेमके कशानंतर निघणार?

कळंगुटचा पात्रांव, म्हणजे हॉटेलमालक, म्हणतो, ‘‘सिस्टम चालू झाली की उरलेले लगेच देतो.’’ ऐकायला रास्त, पण चालू करणं त्याच्या हातात असतं. खोल्यांचे दर, फोटो, पेमेंट गेटवेची कागदपत्रं त्यानेच द्यायची, आणि पावसात हॉटेल रिकामं असताना त्याला घाई नसते. मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येते, मग सीझन, मग स्टाफला शिकायला सवड नाही.

म्हणून हप्ते आपण केलेल्या कामाला बांधा. 4 लाखांचं काम असेल तर सहीबरोबर 30 टक्के, बुकिंगचा भाग टेस्ट सर्व्हरवर दाखवला की 30, सगळं काम सोपवलं की आणखी 30. उरलेले 10 टक्के लाइव्ह झाल्यावर किंवा काम सोपवल्यापासून 30 दिवसांनी, ‘जे आधी होईल ते’. हे शेवटचे चार शब्द सोडू नका. त्यांच्या बदल्यात दरात थोडी सूट द्यावी लागली तरी परवडतं. शिवाय, काम दिल्यापासून 7 दिवसांत ईमेलवर तक्रार आली नाही तर ते स्वीकारलं असं धरायचं. फोनवरचं ‘मातशें (जरासं) बदलूया’ तक्रारीत मोजायचं नाही. ते वाढीव काम, त्याचा तासाचा दर आधीच लिहून ठेवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, ती फुकट आहे. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार अशा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला, लेखी मुदत नसेल तर 15 दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यातही आर्थिक वर्ष 2023-24 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत न देता वर्षअखेर थकवलं, तर तो खर्च त्या वर्षाच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. हे पात्रांवला समजावत बसू नका, त्याच्या सीएला बिलासोबत उद्यम प्रमाणपत्र पाठवा.

जोखमीचं कलम मात्र नीट वाचा. ‘सर्व नुकसानीची जबाबदारी डेव्हलपरची’ ही ओळ बहुधा कुठून तरी उचललेली असते. 31 डिसेंबरला एकच खोली दोघांना गेली तर त्या रात्रीचं भाडं, पाहुण्याची भरपाई, सगळं तुमच्या गळ्यात येईल. जबाबदारीची कमाल मर्यादा म्हणजे मिळालेली फी, आणि बुडालेला धंदा त्यातून वगळलेला, असं लिहून घ्या. पाहुण्यांची माहिती माझ्या निष्काळजीपणाने फुटली तर मी वेगळी, वाढीव मर्यादा मान्य करतो. तो धोका खरोखर माझ्या हातातला आहे.

कोडचा हक्क हे तुमचं खरं नाणं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या कोडचा हक्क सहसा लिहिणाऱ्याचाच राहतो. तो द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क ग्राहकाचा’ असं कलम घाला. मुदत आणि प्रदेश लिहिला नाही तर हस्तांतरण 5 वर्षांपुरतं आणि भारतापुरतं धरलं जातं. कायमचं, जगभरासाठी असं आपणहून लिहून दिलं की ग्राहकाचा वकील बाकीच्या कलमांवर नरमतो. पण पैसे अडले म्हणून सॉफ्टवेअरमध्ये चोरकुलूप ठेवायच्या फंदात पडू नका, आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याचं प्रकरण अंगाशी येईल.

आगाऊ रक्कम मागताना जीएसटी धरूनच मागा. नोंदणी असेल तर सेवेच्या आगाऊ रकमेवरही कर लागतो: 1,20,000 वर 18 टक्के म्हणजे 21,600. टीडीएस (बिल देताना ग्राहक कापतो तो आयकर) किती टक्के कापणार हेही तेव्हाच विचारा, आणि जीएसटी बिलात वेगळा दाखवा, म्हणजे कपात फक्त फीवर होते.