पेपर बरा होता, तरी परत का आला? उपयोजित संगणनाच्या परिषदेला पाठवताना या चुका टाळा

संगणनाच्या परिषदांतून परत आलेल्या पेपरांवरचे अभिप्राय वाचले की एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा भेटते: प्रणाली चालते असं दिसतं, पण यातून नवीन काय कळलं? उपयोजित संगणन आणि स्मार्ट सॉफ्टवेअरच्या परिषदांत ही तक्रार जास्तच ऐकू येते, कारण इथे येणारा जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी बांधून आलेला असतो. कुणी इमारतीच्या वीजवापराचा अंदाज बांधतं, कुणी यंत्रातला बिघाड आधीच ओळखतं, कुणी कोड तपासणारा चॅटबॉट करतं. मेहनत खरी असते. पण परीक्षकासमोर पेपरांचा ढीग असतो आणि तुमच्या नेमक्या विषयातला तो तज्ज्ञ असेलच असं नाही. तुम्ही जो प्रश्न मोकळा सोडता, त्याचं उत्तर तो तुमच्या विरोधात धरतो. पुढच्या बहुतेक चुका या एकाच प्रकारच्या आहेत.

ट्रॅक न बघता पाठवणं

एसीएम या संगणनातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेची ‘सिम्पोझियम ऑन अप्लाइड कम्प्युटिंग’, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची ‘सॅक’, १९८६ पासून भरते. तिच्यामागे एसीएमचा सिगॅप हा गट आहे. तिथे सगळे पेपर एकाच समितीकडे जात नाहीत. विषयवार ट्रॅक असतात आणि प्रत्येक ट्रॅकचे अध्यक्ष आणि परीक्षक वेगळे. सेन्सरच्या जाळ्यावरचा पेपर मशीन लर्निंगच्या ट्रॅकला टाकलात, तर परीक्षक नवा अल्गोरिदम कुठे आहे ते विचारणार. तोच पेपर इंटरनेट ऑफ थिंग्जच्या ट्रॅकला गेला असता तर प्रश्न बॅटरी, नेटवर्क आणि तैनातीवर आले असते, आणि त्यांची उत्तरं तुमच्याकडे होती.

शीर्षक ओळखीचं वाटतं म्हणून ट्रॅक निवडू नका. त्या ट्रॅकने मागच्या दोन-तीन वर्षांत काय स्वीकारलं ते वाचा. तुमच्या संदर्भयादीत त्या मंडळींचं काहीच येत नसेल, तर एकतर ट्रॅक चुकलाय किंवा वाचन कमी पडलंय. तरीही शंका असेल तर ट्रॅकच्या अध्यक्षांना चार ओळींचा ईमेल करा, त्यात संकोच नको. मात्र एकच पेपर दोन ट्रॅकला टाकून नशीब आजमावू नका. नियमात ते बसत नाही आणि पकडलंही जातं.

दावा नसलेला पेपर

‘आम्ही स्मार्ट पार्किंगची प्रणाली सादर करतो.’ हे वाक्य खोटं ठरूच शकत नाही, म्हणून ते दावा नव्हे. आता हे पाहा: ‘कॅमेऱ्याऐवजी चुंबकीय सेन्सर वापरला तरी जागा रिकामी आहे की भरलेली हे तितक्याच अचूकतेने कळतं, आणि वीज कमी लागते.’ हे खोटं ठरू शकतं. त्यामुळे काय मोजायचं, कशाशी तुलना करायची आणि कोणत्या परिस्थितीत, हे सगळं त्या एका वाक्यातून आपोआप ठरतं. लिहायला बसण्याआधी असं वाक्य सापडत नसेल, तर अडचण लेखनात नसून प्रयोगात आहे.

याचा थेट संबंध जागेशी आहे. सॅकमध्ये पूर्ण पेपरला ८ पानं मिळतात, वर जादा शुल्क भरून २. त्यातली तीन पानं डॉकर म्हणजे काय, एमक्यूटीटी कसं चालतं अशी नेहमीच्या साधनांची ओळख आणि चौकोन-बाणांची वास्तुरचना यात गेली, तर मूल्यमापनाला एक कोष्टक आणि एक स्तंभालेख उरतो. परीक्षक आकृती बघतो, पुढे जातो आणि ते कोष्टक शोधतो. ओळींमधलं अंतर चोरून मजकूर कोंबण्याची युक्तीही त्याला लगेच दिसते.

चाचणीचा डेटा शिकवणीत मिसळणं

मॉडेलला शिकवायला एक डेटा लागतो आणि त्याची परीक्षा घ्यायला दुसरा, त्याने न पाहिलेला. दुसरा पहिल्यात झिरपला की ती गळती. या विषयातली सगळ्यात महागडी चूक ही आहे. ती करणाऱ्याला ती कळतही नाही, कारण आकडे सुंदर येतात. कपूर आणि नारायणन यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात १७ ज्ञानशाखांतल्या २९४ पेपरांवर अशा गळतीचा परिणाम झाल्याचं नोंदवलं आहे. म्हणजे हे फक्त नवख्यांचं दुखणं नाही.

स्मार्ट प्रणालींत गळती बहुधा सेन्सरच्या डेटातून शिरते. मोबाइलवरून माणसाची हालचाल ओळखण्याचा यूसीआयचा (कॅलिफोर्निया विद्यापीठ, अर्व्हाइन) प्रसिद्ध डेटासेट घ्या. ३० स्वयंसेवक, सेकंदाला ५० नोंदी, २.५६ सेकंदांच्या खिडक्या (नोंदींचे सलग तुकडे), म्हणजे प्रत्येकीत १२८ नोंदी. आणि शेजारच्या दोन खिडक्या निम्म्याने एकमेकींवर चढलेल्या. या खिडक्या पत्त्यांसारख्या पिसून ऐंशी-वीस अशा वाटल्या, तर चाचणीतल्या खिडकीचा अर्धा भाग मॉडेलने शिकवणीतच पाहिलेला असतो. वर माणूसही तोच. मॉडेल चालणं ओळखत नाही, त्या माणसाची ढब ओळखतं. म्हणूनच हा डेटासेट करणाऱ्यांनी विभागणी माणसांनुसार केली: ७० टक्के स्वयंसेवक शिकवणीत, ३० टक्के चाचणीत.

तोच नियम यंत्रांना, इमारतींना, रुग्णालयांना लावा. प्रणाली नव्या यंत्रावर चालेल असं म्हणायचं असेल, तर चाचणीतलं यंत्र शिकवणीत नको. उद्याचा अंदाज बांधायचा असेल, तर विभागणी काळानुसार करा. भविष्यातल्या नोंदी शिकवणीत आल्या की संपलं. आणखी एक चोरवाट आहे. विभागणीच्या आधीच सगळ्या डेटावर सामान्यीकरण करणं (आकडे एका मापात आणणं), वैशिष्ट्यं निवडणं किंवा स्मोट ही पद्धत लावून कृत्रिम नमुने तयार करणं. आधी विभागा, मग हे सगळं फक्त शिकवणीच्या भागावर करा. तपासायची सोपी युक्ती: अचूकता संशय यावा इतकी जास्त असेल तर लेबलं (प्रत्येक नोंदीचं बरोबर उत्तर) मुद्दाम विस्कटून मॉडेल पुन्हा शिकवा, मात्र ही विस्कटण पूर्वप्रक्रियेच्याही आधी करा. चाचणीत तरीही अंदाजपंचेपेक्षा बरं उत्तर आलं, तर कुठेतरी भोक आहे. मात्र या चाचणीत काही सापडलं नाही म्हणून गळती नाहीच असं समजू नका. खिडक्यांसारखी गळती यातून निसटू शकते.

अचूकतेच्या टक्क्यांबद्दलही एक शब्द. १००० नोंदींत २० बिघाड असतील, तर डोळे मिटून प्रत्येक वेळी ‘ठीक’ म्हणणारा प्रोग्रामही ९८ टक्के अचूक ठरतो. अशा ठिकाणी प्रिसिजन (‘बिघाड’ म्हटलेल्यांपैकी खरे किती), रिकॉल (खऱ्या बिघाडांपैकी सापडले किती) आणि चुकांचं पूर्ण कोष्टक द्या.

तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या पद्धतीवरही तुमच्या पद्धतीइतकीच मेहनत घ्या. तिला मूळ सेटिंगवर सोडायचं आणि स्वतःचं मॉडेल मात्र आठवडाभर घासायचं, हे अनुभवी परीक्षकाला वासावरून कळतं. प्रयोग वेगवेगळ्या सीडवर (यादृच्छिक निवडीच्या सुरुवातीच्या आकड्यावर) अनेकदा चालवा आणि फरकाची व्याप्ती छापा. दावा छोट्या उपकरणाबद्दल असेल तर वेळ लॅपटॉपवर मोजू नका. नुसती सरासरीही पुरत नाही; शंभरातल्या सगळ्यात संथ एका विनंतीला किती वेळ लागला ते सांगा, कारण वापरणाऱ्याला तीच लक्षात राहते.

मोठ्या भाषा-मॉडेलवर प्रणाली उभी असेल तर मॉडेलची नेमकी आवृत्ती, वापराची तारीख आणि संपूर्ण प्रॉम्प्ट द्या. टेम्परेचर (उत्तरात किती वैविध्य यावं ते ठरवणारी सेटिंग) शून्यावर ठेवलं म्हणजे दर वेळी तेच उत्तर येतं हा समज सोडा. तशी खात्री नसते. शिवाय तुमची चाचणी-प्रश्नावली आधीच सार्वजनिक असेल, तर मॉडेलने ती शिकताना पाहिली असण्याची शक्यता तुम्हीच आधी मांडा.

नाव लपवलं, पण लपलं नाही

दुहेरी गुप्त परीक्षणात, म्हणजे लेखक आणि परीक्षक दोघांचीही नावं एकमेकांपासून लपवलेली असतात तिथे, नाव पहिल्या पानावरून काढणं ही फक्त सुरुवात असते. पीडीएफच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव राहतं. कोडची लिंक स्वतःच्या खात्याची असते. ‘आमच्या आधीच्या कामात [७]’ असं लिहिलं की यादीतला सातवा क्रमांक सगळं सांगून टाकतो. तिथे तृतीय पुरुषात लिहा. स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात संस्थेचं चिन्ह राहतं, आभारात प्रकल्प-क्रमांक. मजकुरावर काळी पट्टी चढवली असेल, तर ती निवडून कॉपी-पेस्ट करून बघा, खालची अक्षरं बाहेर येतात का ते. लाटेक्स या पेपर जुळवण्याच्या साधनासाठी एसीएमने दिलेल्या साच्यात (क्लासमध्ये) ‘अनॉनिमस’ हा पर्याय आहे. तो लेखकांची नावं झाकतो, लिंक आणि स्क्रीनशॉट तपासत नाही.

पीडीएफ तपासणीत ‘टाइप ३ फॉन्ट’ (पीडीएफमध्ये अक्षरं साठवण्याचा एक प्रकार) म्हणून फाइल परत येत असेल, तर दोष बहुधा आलेखांत सापडेल. मॅटप्लॉटलिब हे आलेख काढण्याचं साधन पीडीएफ करताना मुळात टाइप ३ वापरतं. त्याची फॉन्टटाइप सेटिंग ४२ करून आलेख पुन्हा काढा.

मुदतीपुढे ‘एओई’ (एनिव्हेअर ऑन अर्थ) लिहिलेलं असेल तर तो यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या १२ तास मागचा पट्टा. तिथले रात्रीचे ११:५९ म्हणजे दुसऱ्या दिवशी यूटीसी सकाळचे ११:५९. तरीही शेवटच्या तासावर विसंबू नका. सारांशाची मुदत काही ठिकाणी वेगळी आणि आधीची असते, आणि ती चुकली की पुढचं सगळं वाया.

चॅटबॉटकडून लिहून घेणं

भाषा सुधारून घेण्याला कुणाचा आक्षेप नसतो. एसीएमच्या धोरणानुसार असं साधन लेखक म्हणून लावता येत नाही आणि त्याच्याकडून मजकूर तयार करून घेतला असेल तर ते उघड सांगावं लागतं. मोठा धोका संदर्भयादीत आहे: अस्तित्वातच नसलेले पेपर तिथे ऐटीत बसलेले असतात. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून बघा, त्याला पर्याय नाही.

नकार आल्यावर

मशीन लर्निंगच्या न्यूरिप्स परिषदेने २०१४ मध्ये १६६ पेपर दोन स्वतंत्र समित्यांना दिले होते. साधारण २६ टक्के पेपरांवर दोघींचं एकमत झालं नाही, आणि एकीने स्वीकारलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त पेपर दुसरीने नाकारले. तेव्हा नकारात नशिबाचा वाटा असतोच. पण म्हणून तोच पेपर जसाच्या तसा पुढच्या परिषदेला पाठवणं ही वेगळी चूक आहे. लहानशा क्षेत्रात तोच परीक्षक पुन्हा भेटू शकतो आणि त्याने काढलेली चूक तिथेच बसलेली पाहून तो दुसऱ्यांदा मऊ लिहीत नाही. ‘परीक्षकाला समजलंच नाही’ असं वाटलं तर तो परिच्छेद नव्याने लिहा. बहुतेक वेळा तिथे गरजेचं वाक्य गाळलेलं असतं.

नकारानंतर चिडून ‘दहा दिवसांत निकाल’ देणाऱ्या आमंत्रणाला हो म्हणणं तर टाळाच. २००५ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी सायजेन या प्रोग्रामने तयार केलेला निरर्थक पेपर एका परिषदेने स्वीकारला होता. २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई यांनी अशाच यंत्रनिर्मित १२० हून अधिक पेपरांची प्रकाशनं मागे घेतली. म्हणजे नुसतं मोठ्या प्रकाशकाचं नाव दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. समितीतल्या दोन-चार जणांच्या स्वतःच्या पानांवर त्या परिषदेचा उल्लेख आहे का, ते आधी बघा.

स्वीकृतीनंतर

इथे येऊन घसरणारे कमी नाहीत. सॅकचा नियम स्पष्ट आहे: नोंदणी हवीच, आणि लेखकाने किंवा त्याच्या वतीने कुणीतरी पेपर प्रत्यक्ष मांडला नाही, तर तो एसीएमच्या डिजिटल लायब्ररीत जात नाही. म्हणून व्हिसासाठीचं आमंत्रणपत्र स्वीकृतीच्या आठवड्यातच मागा आणि पर्यायी सादरकर्ता ठरवून ठेवा. खर्चाचा हिशेबही पाठवण्याआधी करा. २०२६ पासून एसीएमचं प्रकाशन पूर्णपणे मुक्त प्रवेशाचं झालं आहे. तुमची संस्था ‘एसीएम ओपन’ या संस्थांसाठीच्या योजनेत नसेल तर नोंदणीशिवाय प्रकाशन-शुल्कही लागू शकतं. सवलत किंवा माफी बसते का, ते कॅमेरा-रेडी (छपाईसाठीची अंतिम) प्रत देण्याआधी विचारून घ्या.